चॅट्सवर्थचा तबेला बघून बाबा म्हणाले "हाच ना राजवाडा?" – घोड्यांसाठी एवढा थाट कशाला?

मधुरा_डर्बी

नमस्कार मंडळी. इथे सगळे वाडे, गढ्या, देवळं यावर लिहितात, माझा प्रश्न जरा लांबचा आहे पण इमारतींतलं कळणारी माणसं इथेच आहेत म्हणून इथेच टाकते.

आईबाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. गेल्या शनिवारी त्यांना चॅट्सवर्थला नेलं, डर्बीशायरमधलं ड्यूक ऑफ डेव्हनशायरचं घर, घर म्हणायचं आपलं, आहे राजवाडाच. गाडी लावली, बाबा उतरले, कंबर सरळ केली आणि टेकाडावरच्या इमारतीकडे बघून म्हणाले, "वा! हाच ना राजवाडा?" आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही हो, मोठी कमान, चार जाडजूड खांब, वर त्रिकोणात कोरलेलं घराण्याचं अवाढव्य चिन्ह, त्याच्या जोडीला खऱ्या हरणाएवढी दोन दगडी हरणं आणि त्यांच्या डोक्यावर चक्क खरी शिंगं, वर घड्याळाचा मनोरा आणि त्यावर घुमटी. मी म्हटलं बाबा हा तबेला आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग आत गेल्यावर पटलं तेव्हा म्हणाले, "चौतीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमधे काढली, त्यापेक्षा इथे घोड्याचा जन्म मिळाला असता तरी चाललं असतं." आई म्हणाली आत्ता कुठे लक्षात आलं तुमच्या.

तर प्रश्न असे. घोड्यांवर एवढा खर्च का? तबेला घरापासून लांब, वर चढावर का, घराला लागून का नाही? आणि तिसरं म्हणजे त्या कमानीच्या खांबांवर एकाआड एक फुगीर दगडी पट्टे आहेत, एक पट्टा गुळगुळीत एक ओबडधोबड, नवरा म्हणतो कॉन्ट्रॅक्टर पळून गेला असणार काम अर्धवट टाकून. घरावर असले खांब नाहीत, मी मुद्दाम जाऊन बघितलं.

---

बारक्या_बारामती

ताई पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपंय. आमच्याकडे लोक राहायला दोन खोल्या ठेवतात आणि दारात फॉर्च्युनर लावतात. तेच आहे हे 😄

---

कौलारू

बारक्याने एका ओळीत निम्मं उत्तर दिलंय, आता माझं लांबण लागणार आहे त्याची माफी. मी आर्किटेक्ट आहे, शिकत असताना तिकडे दोन वर्षं होतो आणि चॅट्सवर्थला चार-पाच वेळा जाणं झालंय.

आधी दुसरा प्रश्न घेतो कारण त्याच्यात बाकीचं सगळं अडकलंय. तुम्ही जे घर बघितलंत ते मुख्यतः पहिल्या ड्यूकचं. त्याच्या आधी तिथे एलिझाबेथ राणीच्या काळातलं घर होतं, बेस ऑफ हार्डविक नावाच्या जबरदस्त बाईने बांधायला घेतलेलं. ते त्याने एकेक बाजू पाडत नवं केलं, १६८७ ला विल्यम टॅलमन या आर्किटेक्टकडून दक्षिणेची बाजू सुरू केली आणि उरलेलं करत करत १७०७ उजाडलं. तबेला मात्र या घरासोबतचा नाहीच, तो पन्नासेक वर्षांनी आला. १७५५ ला चौथा ड्यूक गादीवर आला आणि त्याने ठरवलं की पाहुण्यांनी घराकडे पश्चिमेकडून, नदी ओलांडून यायचं. आता पश्चिमेकडून यायचं तर समोर काय दिसतंय? जुने तबेले, कोठ्या, नोकरचाकरांची कामाची घरं आणि नदीपलीकडे एडन्सर गावातली घरं. मग काय, पाडा. जुना तबेला गेला, कामाची घरं गेली, गावाचा घरातून दिसणारा तुकडासुद्धा गेला. (गावाचं उरलेलं काम पुढे सहाव्या ड्यूकने केलं, म्हणजे दोन पिढ्यांना गाव डोळ्यात खुपत होतं. गावकऱ्यांना काय वाटलं असेल ते सोडा.) केपेबिलिटी ब्राउन नावाचा बागांचा नामी माणूस आणून आखीव बागांच्या जागी ती हिरवी उतरण केली जी बघून आपण म्हणतो काय निसर्ग आहे, तो सगळा केलेला निसर्ग आहे.

आणि याच वेळी जेम्स पेन या आर्किटेक्टला तीन कामं मिळाली, नवा पूल, नवी पाणचक्की आणि नवा तबेला. हे नीट लक्षात घ्या, पूल आणि तबेला एकाच माणसाचे, एकाच दहा वर्षांतले. पूल नदीवर सरळ आडवा टाकलेला नाहीये, तिरका आहे, चाळीसेक अंशांनी, कारण त्यावरून गाडी येताना घराची पश्चिम बाजू सगळ्यात छान कोनातून दिसावी. त्याच नजरेत डावीकडे वर, घराच्या मागे, तबेला येतो. म्हणजे जुना तबेला लपवायची गोष्ट होती म्हणून पाडला आणि नवा दाखवायची गोष्ट म्हणून बांधला. पुढच्या वेळी बाबांना पार्किंगमधून न नेता आधी पुलावर उभं करा.

चढावर असण्याचा अजून एक फायदा बघा. तिकडे वारा बहुतेक नैऋत्येकडून वाहतो. तबेला घराच्या ईशान्येला आहे. ऐंशी घोड्यांचा वास कुठे जाणार सांगा. शिवाय उतारावर पाणी आपोआप वाहून जातं, घोड्याच्या पायाखाली ओल राहिली की खूर सडतो, त्यामुळे सपाट खोलगट जागेत तबेला कोणी शहाणा बांधत नाही.

आता पट्टे. कॉन्ट्रॅक्टर पळालेला नाही हो 😀 याला रस्टिकेशन म्हणतात, मुद्दाम खडबडीत ठेवलेला दगड. इटलीत सोळाव्या शतकात याचं फॅड आलं, मांतोव्हाला ज्युलिओ रोमानोने बांधलेला 'पालाझ्झो ते' नावाचा महाल बघा, तिथे दगड असे ठेवलेत की गवंडी जेवायला गेला आणि आलाच नाही. आणि गंमत म्हणजे तो महाल गोन्झागा घराण्याच्या घोड्यांच्या पागेच्याच जागी उभा आहे, आत एका दालनात त्यांच्या लाडक्या घोड्यांची खऱ्या आकाराची चित्रं आहेत. तर तेव्हापासून ठरून गेलं की खडबडीत दगड म्हणजे ताकद, रांगडेपणा, दरवाजा, तटबंदी, तबेला. खांबांचंही तसंच आहे, त्यांच्यात एक पायरी असते. घराच्या दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला आयॉनिक खांब आहेत, वर गुंडाळीसारखी नक्षी असलेले, नाजूक. तबेल्याला डोरिक, साधे, जाड, पैलवानासारखे, आणि त्यावर ते पट्टे. थाट करायचा पण कुठे मान कोणाचा हे विसरायचं नाही. ड्यूकला आयॉनिक, घोड्यांना डोरिक.

---

वास्तुदोष_नाशक

ईशान्येला तबेला??? देवघराच्या जागी लीद. आमच्या सोसायटीतल्या वास्तुवाल्या काकांना हे दाखवायला पाहिजे, अडीचशे वर्षं झाली तरी ड्यूकचं अजून कसं चाललंय याचं उत्तर द्या म्हणावं.

---

खोगीर

कौलारूंनी बाहेरून सांगितलं, मी आतून सांगतो. आमच्या घरात दोन पिढ्या घोडी होती, आजोबांकडे टांगा आणि नंतर चुलते रेसकोर्सवर मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) होते त्यामुळे माझं निम्मं बालपण लिदीच्या वासात गेलंय.

ताई तुम्ही आत चौकात उभ्या राहिलात ना, चारही बाजूंना दोन मजली पडव्या? ही इमारत साधारण १९० फूट बाय १९० फूट, चौरस, कोपऱ्यांवर बुटके मनोरे. म्हणजे आपल्या हिशोबाने चौसोपीच. खाली घोडी, ऐंशी ठाणं होती. ठाण म्हणजे एका घोड्याची बांधायची जागा. वरच्या मजल्यावर धान्याच्या कोठ्या आणि माणसं राहायची. आता कोणी म्हणेल घोड्यांच्या डोक्यावर माणसं झोपवली, हा काय न्याय, पण डर्बीशायरच्या थंडीत खाली ऐंशी जनावरांची ऊब फुकटात मिळते हे पण आहे. तोटा असा की घोड्याच्या मुताला एक झणझणीत वास असतो, डोळ्यातून पाणी काढतो, तो वर चढतो. आणि वर वैरण ठेवली तर तिला पण लागतो, मग घोडा तोंड लावत नाही. घोडा माणसापेक्षा नखरेल असतो खाण्याच्या बाबतीत.

एकाच छपराखाली सगळं का, तर घोडा एकटा येत नाही. त्याच्यामागे चंदी, वैरण, पाणी, खरारा करणारा पोऱ्या, खोगीर आणि जुंपणीचं कातडी सामान (ते वेगळ्या कोरड्या खोलीत, नाहीतर बुरशी), नालबंद. चॅट्सवर्थच्या तबेल्यात लोहाराचं दुकान आतच होतं. ऐंशी घोडी म्हणजे तीनशे वीस नाल, आणि नाल दीड महिन्यात बदलावा लागतो, करा हिशोब, लोहाराचा हात एक दिवस रिकामा राहत नसणार. आणि लीद? एक घोडा दिवसाला वीस-पंचवीस किलो टाकतो. ऐंशी घोड्यांची दीड-दोन टन. रोज. ती फेकत नसत, अशा मोठ्या घरांच्या बागांमधे ताज्या लिदीचे वाफे करत, कुजताना ती गरम होते आणि त्या उबेवर थंडीत काकड्या, खरबुजं काढत.

माझी आवडती गोष्ट मात्र वेगळीच आहे. वरच्या मजल्यावर एका खोलीच्या दारावर रंगाने लिहिलेलं राहून गेलंय, 'थर्ड पोस्टिलियन'. पोस्टिलियन म्हणजे बग्गीवर न बसता जुंपलेल्या जोडीतल्या डाव्या घोड्यावर बसून गाडी हाकणारा. तिसरा म्हणजे याच्या वर दोन होते. त्या माणसाचं नाव कुठे नाही, हुद्दा तेवढा दारावर आहे. आमच्या चुलत्यांना पण सगळे 'सात नंबर' म्हणायचे, त्यांच्याकडे सात नंबरचा घोडा होता म्हणून.

बाकी आमचे आजोबा म्हणायचे घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये. तिकडच्या माणसांना दोन्ही रोज करावं लागत असणार.

---

मधुरा_डर्बी

बापरे! किती सुंदर लिहिताय सगळे. खोगीर, तुमची पोस्ट बाबांना मोठ्याने वाचून दाखवली, ते 'सात नंबर'ला थांबून म्हणाले परत वाच.

एक शंका, ऐंशी घोडी एका कुटुंबाला? चार-पाच माणसं असतील ना घरात फार तर. आणि आता तिथे एकही घोडा नाही, आम्ही जिथे चहा प्यायलो ती जागाच मुळात बग्ग्या ठेवायची होती असं कळलं. हे कधी झालं?

---

कौलारू

कुटुंब पाच माणसांचं, पण तो एक कारखानाच समजा. बग्ग्यांचे घोडे वेगळे, बसायचे वेगळे, शिकारीचे वेगळे, ओझ्याचे वेगळे. ड्यूक लोकांची लंडनला घरं, संसदेचा हंगाम तिकडे, लंडन चॅट्सवर्थ दीडशे मैल. आणि पाहुणे, ते येणार स्वतःचे घोडे, स्वतःचे नोकर घेऊन, आणि दोन तासांत जाणार नाहीत, महिनाभर राहणार. पाहुण्याच्या घोड्याची सोय कशी झाली यावरून यजमानाची पत ठरायची.

कॅरेज हाउस, जिथे तुम्ही चहा प्यालात, ते पेनचं नाही. ते १८३० च्या दशकात सहाव्या ड्यूकने तबेल्याच्या मागे वाढवलं. हा माणूस अविवाहित, श्रीमंत आणि बांधकामाचा नाद असलेला, म्हणजे आर्किटेक्टसाठी देवमाणूस. याच्याच बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, ज्याने पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. आणि याच्याच काचघरात पॅक्स्टनने जी बुटकी केळ वाढवली तिला ड्यूकच्या आडनावावरून कॅव्हेंडिश म्हणतात. जळगावात आज जी ग्रँड नैन लावतात ती याच कॅव्हेंडिश कुळातली. म्हणजे आपल्याकडे हातगाडीवर डझनाने मिळतं त्या केळ्याचं आडनाव या घरातून आलंय. विषयांतर झालं पण राहवलं नाही.

शेवटचे घोडे १९३९ ला गेले. मग कोठार, मोटारींचं गॅरेज, वरच्या मोतद्दारांच्या खोल्यांचे फ्लॅट झाले, इस्टेटीवर काम करणाऱ्यांसाठी आणि पेन्शनरांसाठी. १९५० ला दहावा ड्यूक अचानक गेला आणि वारसा कर लागला ८० टक्के. ८०! जमिनी गेल्या, चित्रं गेली, त्यांचा दुसरा वाडा हार्डविक हॉल सरकारला द्यावा लागला. तेव्हापासून घराने स्वतःचं पोट स्वतः भरायचं असं झालं. महायुद्धानंतर घर लोकांना पुन्हा उघडलं तेव्हा खाण्यापिण्याची सोय म्हणजे बाहेर एक नळ. बस. तो नळ नंतरही होता, त्यावर 'कुत्र्यांसाठी पाणी' अशी पाटी लावली. १९७५ ला १२० पौंड घालून चहाची टपरी टाकली, मग घोड्यांच्या ठाणांमधे टेबलं मांडून पहिला कॅफे केला, ते काही जमलं नाही (ठाण अरुंद असतं, एक जनावर उभं राहील एवढंच, चार माणसं ट्रे घेऊन कशी वळणार), मग १९८७ ला कॅरेज हाउसमधे मोठं रेस्टॉरंट आलं. ते जमलं, कारण बग्गी वळवायला मोठा मोकळा हॉल लागतोच, मधे खांब चालत नाही. जुन्या इमारतीला नवं काम देताना हेच बघायचं असतं, तिच्या पोटात मुळात काय मावत होतं. आपल्याकडे लोक धान्याच्या कोठीत हॉटेलच्या खोल्या काढतात आणि मग खिडकी फोडायला निघतात.

---

फिरस्ती_गौरी

तबेल्यांचाच विषय निघालाय तर माझे दोन आणे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्राइटन. तिथे प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाने, आधी घोड्यांसाठी महाल बांधला, विल्यम पॉर्डनकडून १८०३ ते १८०८ मधे, हिंदुस्थानी थाटाचा, ऐंशी फूट व्यासाचा घुमट आणि त्याखाली गोलाकार साठेक घोडी. प्रिन्सचं स्वतःचं घर तेव्हा शेजारी बिचारं साधंच दिसायचं, लोक हसायचे, मग त्यानेही १८१५ नंतर जॉन नॅशकडून घरावर घुमट चढवून घेतले. म्हणजे इथे घर तबेल्याच्या मागोमाग आलं. आणि पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शेवटापासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, याच घुमटाखाली फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेले जखमी हिंदी सैनिक ठेवले होते. मी त्यांचे फोटो बघितलेत, वर तो प्रचंड घुमट आणि खाली ओळीने खाटा, फेटे बांधलेली माणसं. आता तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात.

दुसरं फ्रान्समधलं शांतियी. मधुराच्या बाबांसाठी खास. तिथला तबेला १८६ मीटर लांब आहे, २४० घोड्यांची सोय, १७१९ ला सुरू केलेला, चॅट्सवर्थचा त्यापुढे खेळण्यातला वाटतो. आख्यायिका अशी सांगतात की तिथल्या कोंदे घराण्यातल्या राजपुत्राची खात्री होती की आपण पुढच्या जन्मी घोडा होणार, म्हणून त्याने आत्ताच राहायची सोय करून ठेवली 😂

---

मधुरा_डर्बी

गौरी!! बाबांनी ऐकलं आणि आईकडे बघून म्हणाले, "बघ, राजेलोक पण माझ्यासारखाच विचार करतात."

---

बारक्या_बारामती

एक राहिलं. ती दगडी हरणांची खरी शिंगं. पावसात, बर्फात सडत नाहीत का?

---

खोगीर

शिंग म्हणजे हाडच की, सडेल पण सावकाश, आणि हरणाची शिंगं दरवर्षी गळतातच, तिथल्या पार्कात हरणांचे कळप आहेत, मालाला तोटा नाही. नाल बदलण्यापेक्षा सोपं काम.

---

मधुरा_डर्बी

अपडेट: रविवारी परत गेलो, कौलारूंनी सांगितलं तसं आधी पुलावर. खरंच, तिरका आहे, चालताना कळत नाही पण मधे थांबलं की घर एकदम समोर येतं, संध्याकाळ होती, खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा मुलामा आहे तो चमकत होता, आणि डावीकडे झाडीतून तबेल्याचा मनोरा. नवऱ्याने कॉन्ट्रॅक्टरवरचे आरोप मागे घेतले. मग बाबा वर तबेल्याकडे गेले आणि कमानीतल्या त्या खांबाच्या खडबडीत पट्ट्यावर हात फिरवत बराच वेळ उभे होते, म्हणाले टाकीचे घाव अजून लागतात हाताला.

फोटो मात्र त्यांनी पुलावरून काढलाय, त्यात घर उजवीकडे निम्मं कापलं गेलंय आणि तबेला पूर्ण आलाय. फॅमिली ग्रुपवर 'इंग्लंडचा राजवाडा' म्हणून टाकला, एकवीस अंगठे आलेत, आत्याने विचारलंय आत राणी राहते का. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही.